लाल गाळ आणि गळणारे केस

सोलापुरात केस गळू लागले की पहिला आरोप पाण्यावर येतो. शुक्रवार पेठेतल्या कुठल्याही चार घरांत विचारून पाहा. नळाला पाणी काही दिवसांच्या आड येतं, मधल्या दिवसांत बोअरचं पाणी वापरावं लागतं, ते जड असतं, साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात. मग केस गळतात तेही त्यामुळेच, असा हिशेब लगेच मांडला जातो. पाण्यानंतर नंबर लागतो शाम्पूचा, मग हेल्मेटचा, मग वडिलांच्या टकलाचा. बाईचे केस गळत असतील तर ती फार विचार करते, असंही तिला सुनावलं जातं. यातलं काही खरं असतं, काही अर्धं खरं आणि काही निव्वळ समजूत. खर्च मात्र तिन्हींवर सारखाच होतो.

समजूत आणि कारण यांतलं अंतर किती असू शकतं, हे बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्याच्या परिसरातल्या गावांनी सोसून पाहिलं आहे. डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात तिथल्या 18 गावांतल्या सुमारे 279 जणांचे केस एकाएकी गळाले. आधी डोकं खाजायचं, काहींना ताप, डोकेदुखी, उलट्या, जुलाब व्हायचे आणि मग केसांत हात फिरवला की पुंजकेच्या पुंजके हातात यायचे. तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. यात पुरुष होते, बायका होत्या, शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या. तोंड लपवून घरात बसण्याची वेळ आली.

तिथेही पहिला संशय पाण्यावरच गेला. हा खारपाणपट्टा, विहिरी-बोअरच्या पाण्याचे नमुने तपासले, त्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. मग बुरशीचा संशय आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं आली, त्यांनी रक्त, लघवी, केस, माती, धान्य सगळ्यांचे नमुने नेले. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही गावात जाऊन नमुने घेतले आणि बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. त्यांनी तपासून घेतलेल्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम होतं. चालू शकेल अशी मर्यादा 1.9 मिलिग्रॅमची. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांतही सेलेनियम कितीतरी पटींनी वाढलेलं होतं, असं त्यांनी मांडलं.

सेलेनियम हे नाव त्या दिवसांत अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. ते ज्यांनी शोधलं त्यांना मात्र आपण शाळेपासून ओळखतो, नावाने नसलं तरी कामाने. पाणी म्हणजे एच-टू-ओ, हे लिहिण्याची पद्धत ज्यांनी घालून दिली, ते स्वीडनचे यॉन्स याकोब बर्झेलियस. आजची गोष्ट त्यांची.

पोरका मुलगा, गरिबांचा डॉक्टर

बर्झेलियस यांचा जन्म 20 ऑगस्ट 1779 चा, दक्षिण स्वीडनमधल्या वेवर्सुंडा या गावचा. वडील शिक्षक. मुलगा चार वर्षांचा असताना ते गेले. आईने दुसरं लग्न केलं. सावत्र वडील धर्मोपदेशक होते आणि त्यांनी या मुलाला मायेने वागवलं. पण काही वर्षांतच आईही गेली. पुढे मामाच्या घरी राहावं लागलं आणि तिथे फारसं सुख नव्हतं. शाळेत असतानाच त्यांनी एका शेतकऱ्याच्या मुलांची शिकवणी धरली. रानात फिरायचं, फुलं आणि किडे गोळा करायचे, त्यांची नावं लावायची, हा नाद तिथेच लागला. नातेवाइकांना वाटत होतं की मुलाने धर्मोपदेशक व्हावं. त्याने वैद्यकी निवडली आणि 1796 मध्ये उप्साला विद्यापीठाची वाट धरली.

तिथे पैशांची कायम चणचण. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती, पण विद्यार्थ्याला हवं तेव्हा तिथे जाता येत नसे. मिळेल त्या वेळेत, मिळेल त्या खोलीत प्रयोग करावे लागत. 1800 मध्ये व्होल्टा यांनी विजेची बॅटरी केल्याची बातमी युरोपभर पसरली. बर्झेलियस यांनी जस्ताच्या चकत्या आणि तांब्याची नाणी रचून स्वतःची बॅटरी बनवली. विजेच्या झटक्याने लकवा, थरथर, दुखणी बरी होतात अशी तेव्हा मोठी हवा होती. त्यांनी डॉक्टरीच्या प्रबंधासाठी हाच विषय घेतला, रुग्णांवर वीज वापरून पाहिली आणि फारसा फायदा दिसला नाही, हे सरळ लिहून टाकलं. तेविशीही न ओलांडलेल्या तरुणाने, ज्या उपचाराची सगळीकडे वाहवा चालली होती त्याबद्दल असं लिहावं, यातच त्यांचा स्वभाव दिसतो. 1802 मध्ये ते डॉक्टर झाले.

स्टॉकहोममध्ये त्यांनी गरीब वस्तीतल्या रुग्णांना तपासण्याचं काम घेतलं. मिळकत तुटपुंजी होती. ती वाढावी म्हणून एका भागीदाराबरोबर खनिजपाणी आणि व्हिनेगरचा धंदा काढला. तो बुडाला आणि कर्ज मात्र कित्येक वर्षं फेडावं लागलं. याच काळात विल्हेल्म हिसिंगर या खाणमालकाच्या घरी त्यांना आसरा मिळाला आणि प्रयोगांची सोयही. 1803 मध्ये या दोघांनी मिळून सीरियम हे मूलद्रव्य शोधलं. 1807 मध्ये ते स्टॉकहोमच्या शस्त्रवैद्यक शाळेत प्राध्यापक झाले. तीच शाळा पुढे करोलिन्स्का इन्स्टिट्यूट म्हणून नावारूपाला आली. वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा निर्णय आज तिथूनच होतो.

स्वयंपाकघराशेजारी तराजू

बर्झेलियस यांची प्रयोगशाळा म्हणजे साध्या दोन खोल्या. धूर बाहेर काढायची सोय नाही, नळाचं पाणी नाही. बाजूलाच स्वयंपाकघर, एकीकडे त्यांची स्वयंपाकीण आना जेवण करायची, दुसरीकडे रसायनं तापत असायची. भांडी घासण्याचं कामही तिच्याकडेच. एकदा कुठल्याशा भांड्याला ऑक्सिम्युरिअ‍ॅटिक आम्लाचा वास येतोय, असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, आता त्याला क्लोरीन म्हणायचं. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे हे मानायला ते स्वतः बरीच वर्षं तयार नव्हते. पुरावे जमत गेले, तशी त्यांनी आपली भूमिका सोडली. आणि ही बातमी आधी आनाला कळली, असं म्हणायला हरकत नाही.

या दोन खोल्यांतली सगळ्यात मोलाची वस्तू होती तराजू. कुठल्या संयुगात कोणतं मूलद्रव्य किती आहे, हे त्यांनी तोलून ठरवायला घेतलं. वर्षांमागून वर्षं हेच काम. सुमारे दोन हजार संयुगांचं पृथक्करण त्यांनी केलं. 1818 मध्ये त्यांनी अणुभारांचा तक्ता छापला, त्यात तेव्हा माहीत असलेल्या 49 पैकी 45 मूलद्रव्यांचे भार होते आणि त्यातले बरेचसे आजच्या आकड्यांच्या अगदी जवळचे. एवढ्या पदार्थांची नावं पुन्हा पुन्हा लिहायची तर काहीतरी आटोपशीर हवं, म्हणून त्यांनी मूलद्रव्यांच्या लॅटिन नावांची आद्याक्षरं चिन्हं म्हणून वापरली. सोडियमला एनए आणि लोखंडाला एफई का, असा प्रश्न आपल्या मुलांना पडतो, त्याचं उत्तर इथे आहे.

गंधकाच्या कारखान्यातला गाळ

ग्रिप्सहोम इथे गंधकाचं तेजाब, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल बनवायचा एक कारखाना होता. फालूनच्या खाणीतून आलेलं गंधक जाळलं की आम्ल तयार होण्याच्या शिशाच्या खोलीत तळाला लालसर गाळ साचायचा. आधीच्या मालकाला वाटलं, हा आर्सेनिकचा प्रकार असावा. विषाची भीती म्हणून त्याने फालूनचं गंधक वापरणंच सोडून दिलं. पुढे बर्झेलियस आणि त्यांचे ज्येष्ठ मित्र योहान गोटलीब गान यांनी या कारखान्यात भागीदारी घेतली. 1817 मध्ये त्यांनी तो गाळ तपासायचं ठरवलं. ढीगभर गंधक जाळल्यावर हाती आला तो जेमतेम काही ग्रॅम.

तो तापवल्यावर मुळ्यासारखा उग्र वास आला. असा वास टेल्युरियमचा, हे तेव्हाच्या रसायनशास्त्रात ठरून गेलेलं होतं. त्यामुळे हे टेल्युरियमच, असं दोघांनी मानलं आणि बर्झेलियस यांनी मित्रांना तसं कळवूनही टाकलं. पण फालूनच्या खनिजात टेल्युरियम कधी सापडलं नव्हतं. ही गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी गाळ पुन्हा घेतला, शुद्ध केला, तपासला. 1818 च्या सुरुवातीला त्यांची खात्री पटली की टेल्युरियम यात मुळीच नाही. हे नवंच मूलद्रव्य आहे. गंधकाचा गुण त्याच्यात आहे आणि टेल्युरियमचाही. मुळ्याचा वास याचाच होता. शुद्ध टेल्युरियमला तसा वासच नसतो. टेल्युरियमचं नाव पृथ्वीवरून पडलेलं, म्हणून या भावंडाला त्यांनी चंद्रावरून नाव दिलं. ग्रीक भाषेत चंद्रदेवतेला सेलेनी म्हणतात.

आर्सेनिक, मग टेल्युरियम, मग सेलेनियम. पहिल्या दोन कल्पना चुकीच्या निघाल्या आणि दोन्ही चुका समजण्यासारख्या होत्या. एका वासावरून, एका रंगावरून माणूस असाच अंदाज बांधतो.

हे मूलद्रव्य निरुपद्रवी नाही, याचा अनुभव त्यांना स्वतःलाच आला. सेलेनियमचा हायड्रोजनबरोबर होणारा वायू त्यांनी अगदी किंचित हुंगला. नाक आणि डोळे पेटल्यासारखे झाले. पुढचे काही तास वास घेण्याची शक्तीच गेली. जहाल अमोनिया नाकाशी धरला तरी काही कळेना. त्यानंतरचं पडसं कितीतरी दिवस पुरलं. हे सगळं त्यांनी प्रयोगाच्या नोंदीबरोबरच छापलं.

दोन शब्द: उत्प्रेरण आणि प्रोटीन

1818 पासून ते स्वीडनच्या विज्ञान अकादमीचे कायमचे चिटणीस होते. जगात कुठे काय नवं चाललं आहे याचा ते दर वर्षी अहवाल लिहीत आणि तो युरोपभर वाचला जाई. 1835 च्या अहवालात त्यांनी एक कोडं मांडलं. काही पदार्थ असे असतात की ते स्वतः खर्च होत नाहीत, पण नुसत्या त्यांच्या असण्याने दुसऱ्या पदार्थांत बदल घडतो. पिष्टाची साखर अशीच होते. या शक्तीला त्यांनी नाव दिलं कॅटॅलिसिस. मराठीत आपण उत्प्रेरण म्हणतो. सजीवांच्या शरीरातही अशी हजारो कामं चालत असतील, असा त्यांचा कयास होता. तो खरा ठरला. शरीरातल्या या उत्प्रेरकांना आपण आज एन्झाइम किंवा विकर म्हणतो.

पुरुषांच्या टकलामागे असंच एक विकर आहे. त्याचं नाव फाइव्ह-आल्फा रिडक्टेज. ते टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं अधिक जोरकस रूप तयार करतं, त्याला थोडक्यात डीएचटी म्हणतात. आनुवंशिकतेने ज्यांची केसांची मुळं या डीएचटीला नाजूक असतात, त्यांच्या डोक्यावर पुढच्या बाजूचा आणि माथ्यावरचा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येत जातो. मुळं मरत नाहीत, आक्रसतात. कानाच्या वरची आणि मानेकडची झालर मात्र टिकते, कारण तिथली मुळं तेवढी नाजूक नसतात. ही आनुवंशिकता फक्त आईकडून येते, ही समजूत खरी नाही. ती दोन्हीकडून येते. फिनास्टेराइड हे औषध याच विकराला अडवतं. ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि गरोदर बाईने तर त्याच्या फुटलेल्या गोळीला हातही लावायचा नाही.

बायकांमध्ये हाच प्रकार वेगळा दिसतो. कपाळावरची रेषा शाबूत राहते, पण भांग रुंद होत जातो. रजोनिवृत्तीनंतर तो वाढतो. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मुरुमं असतील, तर पीसीओएसची तपासणी करावी लागते.

दुसरा शब्द 1838 चा. डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर अंड्यातला पांढरा बलक, रक्त आणि धान्य यांतल्या सारख्या पदार्थांवर काम करत होते. या पदार्थांना काय म्हणावं, असा प्रश्न होता. बर्झेलियस यांनी पत्रातून सुचवलं, प्रोटीन. ग्रीकमध्ये अर्थ पहिलं, मुख्य. आपण प्रथिन म्हणतो.

केस म्हणजे प्रथिनच. त्याचं नाव केराटिन. केसाला, नखाला, जनावराच्या खुराला बळकटी येते ती या प्रथिनातल्या गंधकामुळे. केराटिनच्या शेजारशेजारच्या साखळ्यांतले गंधकाचे अणू एकमेकांना घट्ट बांधून ठेवतात. केस जळला की जो वास येतो, तो या गंधकाचाच. आता बर्झेलियस यांचं निरीक्षण आठवा: सेलेनियम हे गंधकाचं भावंड. दोघं इतकी सारखी की झाडाला फरक करता येत नाही. जमिनीत सेलेनियम भरपूर असेल तर गव्हाचं रोप ते गंधकाच्या जागी उचलतं आणि दाण्याच्या प्रथिनात गुंफतं. तेच आपल्या शरीरात येतं. थोडं आलं तर शरीर ते कामाला लावतं. फार आलं तर ते गंधकाच्या जागी घुसतं, पण तसा बांध घालू शकत नाही. भिंतीत सिमेंटऐवजी माती भरावी तसं होतं. केस मुळाशी कमकुवत होऊन तुटतात, पाठोपाठ नखंही.

डॉ. बावस्करांच्या आकड्यांतला एक आकडा यामुळेच फार बोलका आहे. तोच गहू धुऊन तपासला तेव्हाही त्यात किलोमागे 13.61 मिलिग्रॅम सेलेनियम उरलं होतं. धुऊन जायला ते वरून लागलेलं नव्हतंच, दाण्याच्या आत होतं. आणि एप्रिल 2025 मध्ये त्याच गावांतून नखं गळत असल्याच्या बातम्या आल्या.

घोड्यांची आयाळ, माणसांचे केस

बर्झेलियस यांना यातलं काही कळणं शक्य नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं प्रयोगात घालवून त्यांनी 1835 मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी लग्न केलं. पत्नी बेटी पोपियस चोवीस वर्षांची होती. लग्नाच्या वेळीच राजाने त्यांना बॅरन केलं. डोकेदुखीने त्यांना जन्मभर छळलं. शेवटच्या वर्षांत पाय लुळे पडले, तरी वार्षिक अहवाल लिहिणं चालू होतं. 7 ऑगस्ट 1848 रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचं निधन झालं.

त्यानंतर आठच वर्षांनी, 1856 मध्ये, अमेरिकेच्या मिझुरी नदीकाठी फोर्ट रँडल या लष्करी ठाण्यावर घोडदळाचे घोडे आजारी पडले. आयाळ आणि शेपटीचे केस झडले, खूर सुटू लागले. लष्करी डॉक्टर मॅडिसन यांनी लक्षणं नीट टिपून ठेवली. कारण त्यांना सापडलं नाही. तिथले लोकही पाण्यातल्या क्षारांना दोष देत आणि या रोगाला क्षाररोगच म्हणत. ते पाणी नव्हे, गवत आणि धान्य होतं आणि त्यात सेलेनियम होतं, हे कळायला 1930 चं दशक उजाडावं लागलं. चीनमध्ये हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात 1961 ते 1964 या काळात माणसांचे केस आणि नखं गळाली. तिथल्या दगडी कोळशात सेलेनियम होतं, ते जमिनीत आणि तिथून मक्यात गेलं होतं. आपल्याकडे पंजाबात होशियारपूर आणि नवांशहरच्या काही पट्ट्यांतल्या जमिनीत सेलेनियम जास्त आहे, हे कृषी शास्त्रज्ञांनी पूर्वीच नोंदवलेलं आहे. बुलढाण्याचा गहू पंजाबकडून आलेला असावा, असं डॉ. बावस्कर म्हणाले ते या पार्श्वभूमीवर.

मग सेलेनियम म्हणजे विषच का? नाही. 1957 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं की सेलेनियम मुळीच मिळालं नाही तर यकृत नासतं. चीनच्याच दुसऱ्या भागात, जिथे जमिनीत सेलेनियम फार कमी आहे, तिथे मुलांना आणि तरुण बायकांना हृदयाचा केशान रोग होत असे. थायरॉइडचं संप्रेरक कामाला लावणाऱ्या विकरातही सेलेनियम असतं. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 40 ते 55 मायक्रोग्रॅम पुरतं. 400 च्या वर जाऊ नये, असं मानतात. गरज आणि धोका यांत अंतर एवढंच. ज्यांनी आयुष्यभर तोलूनच बोलायचं व्रत घेतलं होतं, त्यांच्या मूलद्रव्याला हे शोभतं.

आपल्या केसांचा हिशेब

आता पुन्हा घरी येऊ. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि रोज 50 ते 100 गळणं हे नेहमीचंच. त्याहून जास्त गळत असतील तर पहिला प्रश्न वेळेचा.

केस गळायला लागले त्याच्या दोन-तीन महिने मागे जा. टायफॉइड, डेंग्यू, कोविडसारखा मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, झटपट वजन कमी करण्याचा आहार, घरातला मोठा धक्का, यांपैकी काही घडलं होतं का? अशा प्रसंगी शरीर बरेचसे केस एकदम विश्रांतीला पाठवतं आणि ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. म्हणून कारण आणि गळती यांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही आणि दोष नव्या शाम्पूला मिळतो. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. बाळंतिणीने घाबरून जाऊ नये.

अवघ्या काही दिवसांत सगळं डोकं मोकळं होत असेल तर ती वेगळी गोष्ट. कॅन्सरची औषधं, किरणोपचार, थॅलियमसारखं विष किंवा सेलेनियम, अशी थेट मुळावर घाव घालणारी कारणं तिथे शोधावी लागतात. एकाच घरात, एकाच गल्लीत अनेकांना असं झालं तर तेल बदलत बसू नये. आरोग्य विभागाला कळवावं, घरातलं धान्य आणि पाणी टाकून न देता थोडं तपासणीसाठी ठेवावं.

नाण्याएवढा गोल गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. कातडी लाल, खवले सुटणारी, खाजरी असेल तर बुरशी. मुलांमध्ये ती जास्त. वेणी किंवा अंबाडा रोज ओढून घट्ट बांधला तर कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात. बायकांच्या गळतीत लोह कमी असणं आणि थायरॉइड या दोन गोष्टी रक्ताच्या साध्या तपासणीत कळतात. नुसतं हिमोग्लोबिन पाहून थांबू नये, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणीही डॉक्टरांना विचारून करावी. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर ते लॅबमध्ये आधी सांगावं, कारण त्यांच्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकू शकतात.

आणि बोअरचं पाणी? जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, विंचरताना मधूनच तुटतात. मुळापासून केस जाण्याचं कारण म्हणून मात्र त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी इतर सगळं पाहायला हवं. गळालेला केस उजेडात धरा. टोकाला पांढरा बारीक गाठीसारखा भाग दिसला तर केस मुळापासून आला. नाही दिसला तर तो मधूनच तुटला.

केस वाढवण्याच्या नावाखाली मिळणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटावर सेलेनियम लिहिलं आहे का, तेही पाहा. 2008 मध्ये अमेरिकेत एका पूरक आहाराच्या बाटल्यांत चूक झाली. एका मात्रेत 200 मायक्रोग्रॅम असायला हवं तिथे 40 हजार 800 मायक्रोग्रॅम सेलेनियम पडलं. 201 जण आजारी पडले आणि त्यांतल्या बहुतेकांचे केस गेले. तब्येत सुधारावी म्हणूनच त्यांनी ते घेतलं होतं. कोंड्याच्या शाम्पूतलं सेलेनियम सल्फाइड हा निराळा प्रकार. तो वरून लावून धुवायचा असतो आणि कातडीतून फारसा आत जात नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक कागद घ्या. गळती कधी सुरू झाली, त्याआधीच्या तीन महिन्यांत कोणतं आजारपण झालं, कोणती औषधं आणि गोळ्या चालू होत्या, आहारात आणि धान्यात काय बदललं, घरात आणखी कुणाचे केस गळतात, हे तारखांसह लिहा. तो कागद तपासणीच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवा. तेल कोणतं लावायचं, हे त्यानंतर विचारा.